स्तनांची घनता आम्हालाही सांगा: मॅमोग्राफीचे रिपोर्ट लिहिणाऱ्यांना आणि स्क्रीनिंगचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करणारी सेंटर चालवणाऱ्यांना आहे, तिथले फोटो बघून रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना आहे, आणि ब्रेस्ट कॅन्सरचं स्क्रीनिंग कोणाचं, किती वर्षांनी, कुठल्या तपासणीने करायचं हे ज्या समित्या ठरवतात त्यांना तर आहेच आहे. वेगवेगळं लिहिता आलं असतं, पण एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, सेंटरवाले म्हणतात रेडिओलॉजिस्टना विचारा, रेडिओलॉजिस्ट म्हणतात गाईडलाईनमध्ये तसं नाही, आणि गाईडलाईनवाल्यांपर्यंत आमच्यासारख्या बायका पोचतच नाहीत. म्हणून तिघांना एकत्र आणि सगळ्यांसमोर लिहितेय.

म्हणणं एवढंच आहे की बाईचे स्तन किती घन आहेत, म्हणजे तुमच्या भाषेत डेन्स आहेत, हे तुम्हाला मॅमोग्राफीत दिसतं, त्या घनतेमागे कॅन्सर लपू शकतो हेही तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, आणि जिच्या शरीराबद्दल हे सगळं आहे तिलाच ते सांगितलं जात नाही. हे बंद व्हायला पाहिजे.

माझा यात संबंध काय ते सांगते. माझी मोठी बहीण मॅमोग्राफी कधी चुकवायची नाही, आम्हा सगळ्यांना फोन करून आठवण करून देणारी तीच. शेवटचा रिपोर्ट नॉर्मल आला, पाकीट देताना सेंटरवर तिला सांगितलं सगळं चांगलं आहे आता पुढच्या वेळी या, आणि तिने ते पाकीट फाईलला लावून टाकलं. पुढची तारीख यायच्या बऱ्याच आधी तिला आंघोळ करताना स्तनाच्या वरच्या बाजूला, काखेकडे, काहीतरी कडक हाताला लागलं. ती लगेच डॉक्टरांकडे गेली, हे मुद्दाम लिहितेय, लगेच गेली. डॉक्टरांनी हात लावून बघितलं, फाईल चाळली आणि म्हणाले आत्ताच तर मॅमोग्राफी झालीये ताई, क्लीन आहे, हार्मोन्समुळे असेल, काळजी करू नका, थोडे दिवस बघू. ते थोडे दिवस लांबत गेले. मग सोनोग्राफी झाली, गाठ स्पष्ट दिसली, बायोप्सी झाली, आणि कळलं की कॅन्सर आहे आणि काखेतल्या लिम्फ नोडपर्यंत गेलाय.

ऑपरेशनच्या आधी जुने रिपोर्ट मागितले तेव्हा तो नॉर्मल रिपोर्ट मी ओळ न ओळ वाचला. शेवटी ठळक अक्षरात निष्कर्ष, बाय-रॅड्स १ (बाय-रॅड्स म्हणजे रिपोर्टचा निष्कर्ष लिहायची ठरलेली पद्धत), म्हणजे काही सापडलं नाही. आणि त्याच्या बरंच वर, बाकीच्या वर्णनात मिसळून गेलेली एक ओळ, ब्रेस्ट कॉम्पोझिशन डी, स्तन अत्यंत घन, त्यामुळे मॅमोग्राफीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कॅन्सर पकडण्याची क्षमता, कमी होते. लिहिलेलं होतं हो. फक्त ते एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेलं होतं, ताईला कोणी तोंडी सांगितलं नाही, आणि ज्या डॉक्टरांनी फाईल चाळली त्यांनीही ती ओळ बघितली असेल असं त्यांच्या बोलण्यावरून तरी वाटलं नाही, त्यांनी खालचा १ आकडा बघितला.

त्या दिवशीच्या फोटोत गाठ होती आणि झाकली गेली, की ती नंतर उगवून भराभर वाढली, हे आज कोणीच खात्रीने सांगू शकत नाही आणि मीही तसा आरोप करत नाहीये. कुठल्या सेंटरचं किंवा डॉक्टरांचं नावही घेणार नाही, कारण ते वेगळं काही वागले नाहीत, सगळीकडे जसं चालतं तसंच वागले, आणि तीच तर तक्रार आहे. ताईची ट्रीटमेंट झाली, ती आज आमच्यात आहे. माझी स्वतःची घनता सी आहे, म्हणजे डीच्या एक पायरी खाली. हे मला कळलं कारण आता मी विचारते, रिपोर्ट हातात पडला की पहिल्यांदा ती ओळ शोधते.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण हे पत्र तुमच्याशिवाय बाकीच्या बायकाही वाचतील. स्तनात चरबी असते आणि दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रे. त्यात चरबी काळसर दिसते आणि ग्रंथी-तंतू पांढरे दिसतात, आणि पंचाईत अशी की कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. ज्या स्तनात चरबी जास्त तिथे पांढरी गाठ उठून दिसते, आणि जिथे ग्रंथी-तंतूच दाट भरलेत तिथे म्हणजे पिंजलेल्या कापसात पांढरा मणी शोधायचा. प्लेटमध्ये कितीही दाबून फोटो काढला, बाईने कितीही दुखणं सोसलं, तरी पांढऱ्यावर पांढरं ते पांढरंच.

घनतेचे चार प्रकार ठरलेत, ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, बी म्हणजे थोड्या ग्रंथी विखुरलेल्या, सी म्हणजे बऱ्यापैकी घन आणि डी म्हणजे अत्यंत घन. सी आणि डी मिळून डेन्स. अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे चाळिशीच्या पुढच्या जवळजवळ निम्म्या बायका यात येतात, आणि सगळ्या बायकांमध्ये डीमधल्या साधारण दहात एक. म्हणजे हा काही आजार नाही, दोष तर नाहीच नाही, कितीतरी जणींची ती साधी ठेवण आहे, वयाप्रमाणे आणि पाळी गेल्यावर घनता बहुधा कमी होते, हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर वाढू शकते, घराण्यातूनही येते, बारीक अंगाच्या बायकांमध्ये जास्त सापडते. आणि हे हाताला कळत नाही. स्तन घट्ट लागतात म्हणून डेन्स, किंवा लहान आहेत म्हणून डेन्स, असं काही नसतं. फोटो काढल्याशिवाय ते समजायला मार्ग नाही, म्हणजे ही माहिती जगात फक्त तुमच्याकडे असते, आमच्या हातात ती मिळवायचा दुसरा कुठलाच रस्ता नाही.

आता माझ्या तक्रारी. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

पहिली आणि सगळ्यात मोठी, आम्हाला सांगत नाही. आणि जिथे सांगता तिथे अशा भाषेत की सांगून न सांगितल्यासारखं. एकाच रिपोर्टवर बाय-रॅड्सचा ० ते ६ हा आकडा एका गोष्टीसाठी आणि ए ते डी हे अक्षर भलत्याच गोष्टीसाठी, दोन्ही एकाच पद्धतीतले, दोन्ही जवळजवळ छापलेले, आणि बाईला कोणी समजावत नाही की १ म्हणजे संशयास्पद काही दिसलं नाही आणि डी म्हणजे पण आम्हाला नीट दिसतच नव्हतं. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ केवढा बदलतो. फरक किती पडतो तेही सांगते. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चरबीच्या स्तनांमध्ये मॅमोग्राफी साधारण ८७ टक्के कॅन्सर पकडत होती आणि अत्यंत घन स्तनांमध्ये ६३ टक्के. एकच मशीन, एकच पाकीट, तेच सगळं चांगलं आहे हे वाक्य, आणि दोघींना मिळणारी खात्री इतकी वेगळी. मशीनं आता सुधारलीत हे खरंय, फिल्मपेक्षा डिजिटल मॅमोग्राफी घन स्तनांत चांगलं दाखवते, थ्रीडी म्हणजे टोमोसिंथेसिस आल्यावर अजून थोडं जास्त दिसायला लागलं, पण अत्यंत घन स्तनांमध्ये त्याचाही फायदा मर्यादितच आहे हे तुम्हीच लिहून ठेवलंय.

शिवाय घनता नुसती झाकत नाही, ती धोका वाढवते सुद्धा. हे तर बायकांना अजिबातच माहीत नाही. आई-मावशीला कॅन्सर होता का हे फॉर्मवर विचारतात, पाळी कधी आली कधी गेली विचारतात, आणि या सगळ्याच्या पंगतीत बसणारी, किंबहुना काहींच्या वरची जागा घेणारी गोष्ट म्हणजे घनता. २००७ च्या कॅनडातल्या अभ्यासात ७५ टक्के किंवा जास्त घनता असलेल्या बायकांना १० टक्क्यांपेक्षा कमी घनता असलेल्यांच्या तुलनेत धोका ४.७ पट होता. आणि त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जो वाचून मी ताईचा विचार करत बसले, मॅमोग्राफीत काही सापडलं नाही आणि त्यानंतर बारा महिन्यांच्या आत कॅन्सर निघाला अशी शक्यता त्यांच्यात जवळपास १८ पट. हे दोन टोकांची तुलना करून आलेले आकडे आहेत, सर्वसाधारण बाईशी तुलना केली तर धोका इतका मोठा दिसत नाही, ते मी लपवत नाही. पण म्हणून ते मुळीच न सांगणं कसं काय बरोबर ठरतं?

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. जॉन वुल्फ नावाच्या अमेरिकन रेडिओलॉजिस्टनी मॅमोग्राफीतल्या ठेवणीचे प्रकार पाडून त्यांचा कॅन्सरच्या धोक्याशी संबंध १९७६ सालीच मांडला होता. तेव्हापासून तुमच्या परिषदांमध्ये, जर्नलमध्ये यावर चर्चा चालू आहे. बाईला सांगायला हवं असा पहिला कायदा अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात झाला तो २००९ मध्ये, आणि तोही डॉक्टरांनी पुढाकार घेऊन झाला नाही, नॅन्सी कॅपेलो नावाच्या एका पेशंट बाईंनी करायला लावला. त्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ दरवर्षी मॅमोग्राफी केलेली, दरवेळी नॉर्मल, आणि २००४ मध्ये, नॉर्मल रिपोर्ट येऊन काही आठवडेच झाले असताना, तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर निघाला. स्तन डेन्स होते म्हणून दिसला नाही असं तेव्हा त्यांना सांगितलं, म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं. इथून पुढे तुमच्या पेशंटना हे सांगाल का असं त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारलं तर नाही म्हणाले, तशी पद्धत नाही. मग त्या कायदा करणाऱ्यांकडे गेल्या. त्या २०१८ मध्ये वारल्या, कॅन्सरच्या ट्रीटमेंटमुळे पुढे झालेल्या रक्ताच्या आजाराने. त्यांच्यामागोमाग तीसहून जास्त राज्यांनी कायदे केले आणि शेवटी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम काढला जो १० सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला, की प्रत्येक मॅमोग्राफी सेंटरने प्रत्येक बाईला साध्या भाषेत लेखी कळवायचं की तुमचे स्तन डेन्स आहेत की नाहीत. १९७६ ते २०२४ मोजा. आणि हे एका देशात. बाकी जगातल्या किती बायकांना आजही ते एक वाक्य मिळत नाही.

दुसरी तक्रार, नॉर्मल रिपोर्टचा पुढे जो वापर होतो त्याबद्दल. ताईच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. फोटोत दिसलं नाही हे मी एकवेळ समजून घेईन, एक्स-रेची मर्यादा आहे. पण हाताला गाठ लागते आहे, बाई स्वतः सांगते आहे, आणि जुना नॉर्मल रिपोर्ट दाखवून तिला थांबवलं जातं, हे कसं समजून घेऊ? गाठ लागली की तपासणी नव्याने सुरू करायची, आधीचा रिपोर्ट कितीही ताजा असू दे, हे कुठल्याही डॉक्टरांना शिकवलेलं असतं, तरी घाईच्या ओपीडीत तो १ आकडा बघून सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि बाई घरी जाते. डी लिहिलेल्या रिपोर्टवर हे होणं तर जास्तच धोक्याचं आहे. तुम्ही रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी तिथेच एक ओळ टाकली की नवीन गाठ, स्तनाग्रातून स्राव, त्वचा ओढली जाणं असं काही जाणवलं तर या रिपोर्टवर विसंबू नका, लगेच दाखवा, तर किती जणींचे मधले महिने वाचतील.

तिसरी, बायका घाबरतील हे कारण. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. सांगितलं तर उगाच टेन्शन घेतील, निम्म्या बायकांना सांगून करायचं काय. आम्ही बाळंतपणं काढलीत, घरातली आजारपणं काढलीत, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेल्या वाईट बातम्या पचवल्यात, आम्हाला एक अक्षर झेपणार नाही असं कोणी ठरवलं? कोलेस्टेरॉल वाढलं, साखर वर गेली, हाडं ठिसूळ झालीत हे सगळं सांगता ना, त्यातही माणसं घाबरतातच, मग नीट समजावून सांगता. हेही तसंच सांगा. घाबरवायचं नसेल तर त्याचा उपाय नीट बोलणं हा आहे. न सांगण्याने भीती जात नाही, ती नंतर येते आणि तेव्हा ती फार मोठी होऊन येते.

चौथी, पुरावा पुरेसा नाही. हे मी हलक्यात घेत नाही, कारण यात खरोखर विचार करण्यासारखं आहे. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने, म्हणजे कुठल्या तपासण्या कराव्यात याची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, एप्रिल २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाच्या बायकांनी दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी असं सांगितलं आणि घन स्तनांसाठी जास्तीच्या सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल मात्र बाजूने किंवा विरुद्ध काही म्हणायला पुरावा कमी आहे म्हणाले. जास्तीच्या तपासणीने मृत्यू कमी होतात हे अजून दाखवून झालेलं नाही, बरोबर. जास्तीची तपासणी म्हणजे जास्तीचे खोटे इशारे, काहीच नसताना बायोप्सी, झोप उडालेल्या रात्री, तेही बरोबर. काही कॅन्सर असे सापडतील जे कदाचित कधी त्रासच देणार नव्हते, तेही मान्य.

पण पुरावा कमी आहे म्हणजे पुरावा काहीच नाही असं तुम्ही आम्हाला भासवता, ते मान्य नाही. नेदरलँड्समध्ये अत्यंत घन स्तन असलेल्या, ५० ते ७५ वयाच्या, मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या ४० हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८ हजारांवर बायकांना जास्तीचा एमआरआय करायला बोलावलं. दोन मॅमोग्राफींच्या मधल्या काळात निघणारे कॅन्सर, इंटरव्हल कॅन्सर म्हणतात ते, न बोलावलेल्यांत हजारी ५ होते, बोलावलेल्यांत हजारी २.५. बोलावलेल्यांपैकी सगळ्या गेल्या नव्हत्या, साधारण ५९ टक्के गेल्या, आणि ज्या खरंच गेल्या त्यांच्यात हजारी ०.८. माझी बहीण त्या पाचातली आहे, म्हणून मला हे दशांश चिन्हातले आकडे नुसते आकडे वाटत नाहीत. खोटे इशारेही त्यांनी लपवले नाहीत, पहिल्या फेरीत हजारी साधारण ८० बायकांना पुढे बोलावलं आणि त्यांना कॅन्सर नव्हता, दुसऱ्या फेरीत हे बरंच खाली आलं. जपानमध्ये चाळिशीतल्या जवळपास ७३ हजार बायकांवर अभ्यास झाला, मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफी केली तर पकडण्याचं प्रमाण ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेलं. ब्रिटनमधला २०२५ चा अभ्यास, ९ हजारांवर घन स्तनांच्या, मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या बायका, त्यात कमी वेळात होणाऱ्या छोट्या एमआरआयने हजारी १७ च्या वर जास्तीचे कॅन्सर सापडले, रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन केलेल्या मॅमोग्राफीने हजारी १९, आणि ऑटोमॅटिक सोनोग्राफीने हजारी ४ च्या आसपास. युरोपातल्या स्तनांच्या इमेजिंगवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्येच सांगितलं की ५० ते ७० वयातल्या अत्यंत घन स्तनांच्या बायकांना दोन ते चार वर्षांनी एमआरआय द्यायला हवा, आणि घनता त्यांना कळवायला हवी. म्हणजे तज्ज्ञच तज्ज्ञांशी सहमत नाहीत. मग ज्या प्रश्नावर तुमच्यातच दोन मतं आहेत त्या प्रश्नाची माहितीच पेशंटला द्यायची नाही, आणि निर्णय तिच्या वतीने परस्पर घेऊन टाकायचा, हे कुठल्या न्यायाने? मृत्यूंचा पुरावा यायला वर्षानुवर्षं लागतात. एक ओळ सांगायला कुठल्याही ट्रायलची वाट बघावी लागत नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. आत्ता जे चाललंय त्यात जिला इंटरनेटवर वाचता येतं, जिच्या ओळखीत कोणी डॉक्टर आहे, जी काउंटरवर उभं राहून प्रश्न विचारायला बिचकत नाही, तिला सोनोग्राफी लिहून मिळते. जी मुकाट्याने पाकीट घेऊन जाते तिला काही मिळत नाही. आणि जास्तीची तपासणी ही तुमची तुम्ही बघा म्हणून सोडून दिली की जिला खर्च झेपतो तीच करते. धोका मात्र खिसा बघून येत नाही.

अजून एक, घनता ठरवणं बऱ्याच ठिकाणी अजून नजरेच्या अंदाजावर आहे, एका वर्षी बी येतं दुसऱ्या वर्षी सी, डॉक्टर बदलला की अक्षर बदलतं. मोजणारी सॉफ्टवेअर आता आलीत, वापरा. आणि बदल झाला तर का झाला तेही लिहा.

आता हे वाचणाऱ्या बायकांसाठी मधेच एक सांगते, नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ निघायचा. मॅमोग्राफी सोडू नका. घन स्तनांतही ती उपयोगाची आहे, कॅल्शियमचे जे बारीक ठिपके कधी कधी कॅन्सरची पहिली खूण असतात ते मॅमोग्राफीतच चांगले दिसतात, सोनोग्राफीत बरेचदा निसटतात. सोनोग्राफी, एमआरआय हे तिच्या जोडीला आहेत, तिच्याऐवजी नाहीत. एमआरआयला रंगद्रव्य टोचतात, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, बंद जागेची भीती असेल तर तेही सांगा. आणि रिपोर्ट घेताना विचारा, माझी घनता काय आहे, ए, बी, सी की डी. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

आता मागण्या.

रिपोर्टच्या पहिल्याच भागात, बाईला वाचता येईल त्या भाषेत, घनतेचं अक्षर आणि त्याचा अर्थ लिहा, डेन्स असेल तर फोटोत कॅन्सर झाकला जाऊ शकतो आणि धोका थोडा जास्त आहे ही दोन्ही वाक्यं लिहा, आणि ही सर्वसाधारण ठेवण आहे हेही त्याच दमात लिहा. जिला वाचता येत नाही तिला तोंडी सांगा, आणि सांगितल्याची नोंद ठेवा.

गाठ लागली तर या रिपोर्टवर थांबू नका ही ओळ प्रत्येक नॉर्मल रिपोर्टवर छापा. आणि अशी बाई आली तर सोनोग्राफी त्याच भेटीत लिहून द्या.

डी असलेल्या प्रत्येकीला पुढच्या तपासणीबद्दल बोलावून सांगा, एमआरआय करता येत असेल तर तो, नसेल तर रंगद्रव्याची मॅमोग्राफी, तेही नसेल तर सोनोग्राफी, प्रत्येकाने किती जास्तीचे कॅन्सर सापडतात आणि किती खोटे इशारे येतात हे दोन्ही आकडे समोर ठेवून. मग नको म्हणायचा हक्क तिला आहेच. सी असेल आणि घरात कॅन्सर असेल किंवा दुसरा काही धोका असेल तर तिचाही वेगळा विचार करा. ही तपासणी स्क्रीनिंगचा भाग धरा, ज्या सोयीने मॅमोग्राफी मिळते त्याच सोयीने ती मिळू दे.

प्रत्येक स्क्रीनिंग कार्यक्रमाने दोन मॅमोग्राफींच्या मधे निघालेले कॅन्सर मोजा, घनतेप्रमाणे वेगळे करा आणि दरवर्षी सगळ्यांना बघता येतील असे जाहीर करा. मोजल्याशिवाय पुरावा येणार कुठून, आणि पुरावा नाही म्हणून तर तुम्ही थांबलाय.

समित्यांना वेगळी विनंती, पुरावा पुरेसा नाही असं लिहाल तेव्हा नेमका कुठला पुरावा हवा आहे आणि हा विषय पुन्हा कधी घेणार ते तारीख घालून लिहा. आणि त्या टेबलावर एखादी तरी अशी बाई बसवा जिचा कॅन्सर नॉर्मल रिपोर्टनंतर निघालाय.

यातल्या बऱ्याच गोष्टींना माणसं, मशीनं, पैसे लागतील, वेळ लागेल, ते मला कळतं. पहिल्या दोन मागण्यांना यातलं काही लागत नाही. घनता तुम्ही आजही रिपोर्टमध्ये लिहिताच, ती वर आणायची आहे, साध्या भाषेत लिहायची आहे आणि खाली एक ओळ वाढवायची आहे. रिपोर्टचा नमुना बदलायला कुठल्या समितीची वाट बघावी लागत नाही. सेंटर चालवणाऱ्यांनी आणि रेडिओलॉजिस्टनी ते कधीपासून करणार एवढं तरी लेखी कळवावं.

आपली,
सी घनतेची एक पेशंट, आणि डी घनतेच्या पेशंटची बहीण